ओळखीचा खर्च

स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर
गॅस आणि पावाच्या मधोमध
आठ हजार नऊशे नव्वद पेसो.
नावाच्या जागी नुसती व्यंजनं,
कुणी तोंडात खिळे धरून बोलावं तशी,
मग एक चांदणी, मग चार आकडे.
खाली आणखी एक, चौदा हजारांचा.
आणि एक अगदी किरकोळ, तीन हजार चारशे,
तोच सगळ्यात जास्त खुपला.
चोर आधी बोट बुडवून बघतो म्हणतात.

बारा तारखेला मी कुठे होते?
कारखान्यात, रात्रपाळीला,
कोपरापर्यंत हातमोजे घालून खेकडे फोडत.
एकोणीसला पुंता अरेनासमध्ये असा वारा सुटला होता
की पालिकेने चौकात दोर बांधले,
त्या दोराला धरधरून घर गाठलं. खरेदी कसली करते?
कार्ड पर्समध्ये, बसच्या पासला चिकटून, जागच्या जागी.

शोधलं तर सान्तियागोचं एक दुकान निघालं.
पाटी एका नावाची, वसुली भलत्याच.
मोबाइलचे सुटे भाग: पडदे, बॅटऱ्या,
तांदळाच्या कणीएवढे स्क्रू.
माझा फोन तर धडधाकट.

मग बास्तियान. बहिणीचा मुलगा, सतरा वर्षांचा,
शाळेसाठी आमच्याकडे राहतो.
त्याच्या दाराखाली उजेड दिसतो रात्री उशिरापर्यंत.
मी त्याला एका शब्दाने बोलले नाही.
फक्त पर्स खुंटीवरून काढून उशीखाली ठेवू लागले,
आणि ते त्याने पाहिलं.

बँकेला फोन. चाळीस मिनिटं बासरी.
मग एक मुलगी, आवाज धुऊन इस्त्री केलेला:
बाई, हा खर्च तुमच्या ओळखीचा आहे का?
नाही.
आणि हा?
नाही.
घरातल्या कुणाच्या ओळखीचा?
इथे मी जरा थांबले.
पण नाहीच म्हणाले.
कार्डाचे चार तुकडे केले. चिप कापायला जोर लागतो.

नवव्या दिवशी पाकीट आलं.
मी नेमकी जागी होते म्हणून माझ्या हाती पडलं.
वर नाव: आउदिलियो बारियेन्तोस.
माझे वडील.
एक्क्याऐंशी वर्षांचे, त्यातले चाळीस हंगाम
मेंढ्यांची लोकर कातरण्यात गेले.
त्यांच्या पलंगाखाली बिस्किटांचा डबा,
डब्यात चार फोन, पोट उघडलेले,
आणि चिकटपट्टीवर रांगेने लावलेले स्क्रू,
प्रत्येकाखाली पेन्सिलने आकडा.

नंबर कुठून मिळाला?
त्यांनी फ्रिजकडे बोट केलं.
माझंच अक्षर. गेल्या हिवाळ्यात मीच लावलेला कागद:
अडीनडीला वापरा, औषधं मागवा.
आणि हे औषध आहे का? मी ओरडले.
ते भिंगातून माझ्याकडे बघत राहिले,
एक डोळा भला मोठा.
तू रात्री जातेस, दिवसा झोपतेस, म्हणाले,
सांगू कधी?
बास्तियान फक्त बारीक अक्षरं वाचून देतो.
त्याचे हात थरथरतात. माझे नाही.

मग आठवली अंडी.
शरद लागल्यापासून ओट्यावर अंडी असायची,
कधी सहा, कधी नऊ,
एकदा तर आख्खी कोंबडी, साफ केलेली.
मला वाटायचं, शेजारची दोन्या रोसेन्दा मोठ्या मनाची.
तीन आकड्यांसाठी मी महिना उलटापालटा केला,
अंडी मात्र तळून खाल्ली,
कुठून येतात ते एकदाही विचारलं नाही.

पुन्हा बँक. पुन्हा तीच बासरी.
तक्रार मागे घेण्याचं कारण?
तिच्या यादीत तीन होती: चूक, विसर, घरगुती.
घरगुती, म्हटलं.

पर्स खुंटीवर परत अडकवली,
जरा आवाज करूनच.
बास्तियान ताटावरून मान वर न करता जेवत होता.

आणि वडील, चिमट्यात नखाएवढा भाग धरून:
नवं कार्ड कधी येतंय?
रोसेन्दाचा पडदा राहिलाय.